दुधकपारीचे यजमान

“डोकं खाली, नजर वर.”

दुधकपारीच्या तोंडाशी उभे राहून इसाकभाई एवढंच सांगत. पंगतीत वाढपी ‘सावकाश होऊ द्या’ म्हणतो, त्या सुरात. तरी दर वेळी कोणीतरी आधी वर बघे आणि कपाळाला टेंगूळ आणून घेई. मग इसाकभाई हातातली गॅसबत्ती खाली ठेवत, त्या माणसाच्या कपाळावर स्वतःचा रुमाल दाबत आणि म्हणत, “झाली ओळख. कपार पहिले अशीच भेटते. चला आता.”

मी राजुऱ्यात मास्तर म्हणून रुजू झालो तेव्हा तालुका एका जागी बसायला तयार नव्हता. आधी हैदराबादेकडे होता, मग मुंबई राज्यात आला आणि नांदेडला जोडला गेला, मग चांद्याला. आम्ही होतो तिथंच होतो, कचेऱ्या तेवढ्या हलत होत्या. मी ब्रह्मपुरीकडचा, धानाच्या मुलखातला. बांधात पाणी दिसल्याशिवाय आम्हाला करमत नाही. इथं सगळा कापूस, काळी माती आणि मागं चुनखडीच्या टेकड्या. पहिल्या महिन्यात मी परत जायच्या गोष्टी बोलू लागलो होतो. पण खोली मिळाली ती इसाकभाईंच्या भिंतीला लागून, आणि करमण्याचा प्रश्न परस्पर मिटला.

त्यांचा धंदा गॅसबत्त्या भाड्यानं देण्याचा. लग्न, कीर्तन, कव्वाली, नाटक, काहीही असो, राजुऱ्यात उजेड इसाकभाईंच्या घरून जायचा. उंच, किंचित वाकलेला माणूस. अंगात काळं जाकीट, त्याच्या एका खिशात कापसात गुंडाळलेली जाळीची मेंटलं आणि दुसऱ्यात बत्तीची पिन. जन्मभर बत्ती उंच धरून उजवा खांदा डाव्यापेक्षा वर गेलेला. बाजारात रिकाम्या हातानं चालतानाही तो हात अर्धवट उचललेलाच असे. नव्या माणसाला वाटे, आपल्याला हाक मारून राह्यले. बरेचजण येऊन उभे राहत, आणि एकदा माणूस समोर आला की इसाकभाई त्याला तासभर तरी सोडत नसत.

ह्या माणसाला केराचा भयंकर राग. अंगण झाडल्याशिवाय ते बत्ती पेटवत नसत. मी आलो त्याच वर्षी गावातल्या एका बड्या घरी लग्न होतं. दिवस बुडायला आलेला, वरात वेशीशी येऊन उभी, वाजंत्री सुरू, आणि मांडवात बत्त्या ओळीनं ठेवून हे हाताची घडी घालून बसलेले. मुलीचा बाप हातापाया पडू लागला.

“पहिले ह्या पत्रावळ्या उचला,” इसाकभाई म्हणाले. “कचऱ्यावर उजेड पाडाले मी नाई आलो.”

“अहो, पाहुणे दारात उभे आहेत!”

“म्हनूनच सांगून राह्यलो नं. अंधारात कचरा कोनाले दिसते? उजेड केला का सगळ्याले दिसन. मंग नाव माहं, का तुमचं?”

शेवटी त्यांनीच खराटा घेतला. पत्रावळ्या उचलल्या, सडा घातला आणि मग पंप मारला. वरात तोवर वेशीशी घामाघूम. त्यांच्या बायकोला, रशीदाभाभींना, मी ही हकीकत सांगितली तर त्या म्हणाल्या, “गुरुजी, माह्या लग्नात बी ह्यायनं पहिले मांडव झाडला. काजी बसून होते.”

पण खरा त्यांचा जीव दुधकपारीत. राजुऱ्याहून गडचांदूरच्या बाजूला बैलगाडीनं निघालं की दुपारपर्यंत मोहगुडा नावाची गोंडांची वस्ती लागते. तिच्या मागं टेकडी, आणि टेकडीच्या पोटात ही कपार. तोंडाशी दगडात कोरलेला, पार झिजलेला सिंह आहे, हत्तीवर चढलेला. चांद्याच्या वेशीवर आहे तसाच. म्हणजे गोंडराजांच्या काळी कोणाचं तरी तिथं येणं-जाणं होतं. आत मोठं दालन. छतातून चुनखडीचे पांढरे सुळे लोंबतात, त्यांच्या टोकाशी पाणी जमतं आणि टपकतं. जिथं टपकतं तिथं खालूनही सुळके वर आलेले. ते पाणी दुधासारखं दिसतं असं म्हणतात. मला ते पाण्यासारखंच दिसलं, पण तसं बोलायची सोय नव्हती. शिवरात्रीला मोहगुड्याच्या देवाची जत्रा भरे. देव टेकडीखाली मोहाच्या झाडाशी. त्याला नारळ फोडून झाला की सगळी जत्रा इसाकभाईंच्या बत्तीमागं कपारीत.

कपार दाखवतो असं ते कधी म्हणाले नाहीत. ‘भेट घालून देतो’ म्हणत. लग्नात व्याह्यांची ओळख करून द्यावी तशी ते दगडांची ओळख करून देत. “हे गजराज. सोंड पाह्यली? वयानं मोठे आहेत, हात जोडा. हा नंदी. ह्या दोघी सवती. एकीचं तोंड इकडं, दुसरीचं तिकडं. मधात उभा राह्यला तो नवरा. बिचारा वाळून राह्यला.” तहसीलदारांच्या बायकोसमोर मात्र सवतींच्या बहिणी होत आणि नवऱ्याचा भाऊ. एकाच लोंबत्या दगडाला मी ‘महादेवाची जटा’ ऐकलं आहे, हैदराबादेकडचे पाहुणे आले तेव्हा ‘पीरबाबाची दाढी’ ऐकलं आहे, आणि शाळेची पोरं नेली तेव्हा ‘हेडमास्तरच्या मिशा’.

मी एकदा छेडलं, “इसाकभाई, एका दगडाला किती नावं?”

“गुरुजी, तुमचं घरी एक नाव आहे, शाळेत दुसरं आहे, अन् पोरं पाठीमागं घेते ते तिसरं. दगडाले काऊन नाई?”

पोरं मला काय म्हणतात हे मला तोवर ठाऊक नव्हतं. विचारायचा धीर झाला नाही.

दालनाच्या टोकाला भिंतीत एक अरुंद फट होती. तिला मांजरवाट म्हणत. मोठा माणूस पोटावर सरपटत गेला तर जाईल, एवढीच. तिथं आलं की इसाकभाईंचा आवाज खाली जाई. माणसं आपोआप जवळ सरकत.

“ही वाट कुठी जाते? बल्लारपूरच्या किल्ल्यात. वर्धा नदीच्या खालून. राजाची रानी ह्याच वाटेनं निसटली. तुम्ही म्हनान, तुले काय मालूम? मी सोता जाऊन आलो. डोक्यावरून नदी वाह्यते, तिचा आवाज येते. मंग बत्ती विझाले लागली, हवा कमी पडली. तवा वापस आलो.”

ही हकीकत दर वर्षी थोडी वाढे. पहिल्या वर्षी मी ऐकली तेव्हा आत काही नव्हतं. पुढल्या वर्षी एक गंजलेली तलवार आली. त्याच्या पुढल्या वर्षी तलवारीला सोन्याची मूठ बसली. मोहगुड्याचा भूमक, म्हणजे देवाचं सगळं बघणारा माणूस, सोमा म्हणून होता. तो हे सगळं डोळे बारीक करून ऐके. त्याला काय वाटतं ते कळायला मार्ग नव्हता. पण वस्तीतली पोरंबाळं इसाकभाईंकडं त्या एका गोष्टीसाठी आदरानं बघत, आणि इसाकभाईंना त्याची पुरेपूर जाणीव होती. मांजरवाटेशी आले की त्यांची छाती जाकिटातून पुढं येई.

मग चुन्याची भट्टी आली.

टेकडीच्या पलीकडच्या अंगाला बाहेरगावच्या एका शेठनं भट्टी लावली. सुरुंग लावायचे, दगड फोडायचा, लाकडावर भाजायचा. चुना उत्तम निघू लागला. माणूस वाईट नव्हता हे मी आवर्जून सांगतो. गोड बोलायचा, मजुराला वेळेवर मजुरी द्यायचा. पण भट्टीला दगड लागतो आणि दगड टेकडीत असतो. त्यानं सबंध टेकडी पट्ट्यानं मागितली. तालुका ह्या राज्यातून त्या राज्यात जात असताना कोणाचं कोणाला काही विचारायची पद्धत राहिली नव्हती, आणि पट्टा मिळणार असं सगळे धरून चालले.

शेठ एक दिवस इसाकभाईंच्या घरी आला. मी ओट्यावरच होतो.

“भाई, दोन बत्त्यांचा जीव आहे तुमचा. भट्टीवर मुकादम म्हणून या. आणि तो सिंह मी कापून काढतो, सरकारला भेट देतो. इतिहास काही वाया जाणार नाही.”

इसाकभाईंनी त्याला चहा पाजला, चांगला आलं घातलेला. मग म्हणाले, “शेठ, सिंह कापसान. गजराज कसा कापसान?”

शेठला गजराज कोण ते कळलंच नाही. तो हसला आणि गेला. तो गेल्यावर इसाकभाई बत्त्या न पुसता ओट्यावर बसून राहिले. मी त्यांना तसं बसलेलं आधी पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगतो, मला भीती वाटली.

अर्ज माझ्या हातचा गेला. जुन्या वास्तूंचं बघणारं सरकारी खातं असतं एवढं मला ऐकून माहीत होतं. ह्या कपारीला फार जुना इतिहास आहे, तरी येऊन पाहावी आणि राखावी, असं लिहून दिलं. बरेच महिने गेले. सुरुंगाचे आवाज अलीकडं अलीकडं येऊ लागले. एकदा हादऱ्यानं कपारीतला एक सुळा तुटून पडला. तो इसाकभाईंनी धोतराच्या फडक्यात गुंडाळून घरी आणला आणि फळीवर ठेवला.

आणि मग निरोप आला की खात्याचे साहेब येत आहेत. ते पाहतील, आणि ते म्हणतील तसं होईल.

इथं जे घडलं ते दुसऱ्या कुठल्या माणसाच्या हातून घडलं नसतं. इसाकभाईंनी दुकान बंद केलं आणि मोहगुड्यात जाऊन राहिले. एवढा मोठा पाहुणा यायचा, ज्याच्या एका शब्दावर सगळं अवलंबून, आणि कपारीत पायाखाली ही घाण! कुठं राखेची काळी माती, कुठं खापराचे तुकडे, कुठं जनावरांची हाडं, वर वटवाघळांचा खच. सोमाला त्यांनी पटवलं. वस्तीतल्या बायका टोपल्या घेऊन आल्या. दालनाची जमीन कडक लागेपर्यंत उकरून काढली. ती माती म्हणजे सोन्यासारखं खत. पुरुषांनी गाड्या भरल्या आणि शेतात नेऊन पसरली. मग पांढरा मुरूम घातला, चोपला, त्यावर शेणानं सारवलं. तोंडापासून गजराजापर्यंत चुन्याची रांगोळी. मी परीक्षा आटोपून पोचलो तो सगळं होऊन गेलं होतं. दालन असं लख्ख दिसत होतं, की आता पाटच मांडायचे राहिलेत.

“कसं वाटते, गुरुजी?”

“लग्नघर वाटतंय,” मी म्हणालो, आणि त्यांना ते फार आवडलं.

साहेब दुसऱ्या दिवशी आले. खाकी अर्धी विजार, डोक्यावर टोपी, कमरेला गवंड्याच्या थापीसारखी लहानशी करणी खोवलेली. बोलायला शांत. सोबत दोन सडसडीत मदतनीस. मोहगुडा सगळा लोटला होता. शेठही आला होता, पांढऱ्या कपड्यांत, हात जोडून. इसाकभाईंनी नवं मेंटल लावलं होतं. पंप मारला, बत्ती उंच केली आणि म्हणाले, “डोकं खाली, नजर वर.”

साहेब आत शिरले आणि त्यांनी वर पाहिलंच नाही. ते खाली बघत राहिले. गजराज झाले, नंदी झाला, सवती झाल्या, साहेबांची मान काही वर होईना. शेवटी ते उकिडवे बसले आणि सारवणावरून बोट फिरवलं.

“ही जमीन कोणी सारवली?”

“आम्हीच, साहेब! तुमच्यासाठी.” इसाकभाईंचा चेहरा फुलला होता. “इथी लय घान होती. राख, हाडं, खापरं. हातभर उकरून फेकली.”

साहेब तिथंच सारवणावर मांडी घालून बसले. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते समजावून सांगू लागले, आणि कपारीत त्यांचा प्रत्येक शब्द स्वच्छ ऐकू येत होता. असे सुळे चुनखडीच्या कितीतरी गुहांत असतात, ते म्हणाले. बाहेरचा सिंह कापून संग्रहालयात नेता येतो, त्यासाठी टेकडी अडवता येत नाही. पण फार फार पूर्वी, शेतीही ठाऊक नव्हती तेव्हा, माणसं अशा जागी राहत. त्यांची राख, त्यांनी खाल्लेली हाडं, त्यांची दगडाची पाती, हे सगळं थरावर थर बसतं. कुठली वस्तू कुठल्या थरात होती त्यावरून कोण कधी राहिलं ते कळतं. “मी ती माती पाहायला आलो होतो,” साहेब म्हणाले.

इसाकभाईंचा हात हळूहळू खाली आला. बत्ती गुडघ्याशी आली आणि सगळ्यांच्या सावल्या छताला जाऊन भिडल्या. आयुष्यभर ह्या माणसानं लोकांना वर बघायला लावलं होतं.

“वापस आनतो,” ते म्हणाले. “सगळी माती वावरात आहे, साहेब. एक कन गेला नाई. गाड्या जुंपतो. होती तशी टाकतो.”

“टाकाल. पण होती तशी होणार नाही.”

साहेब बाहेर आले, शेतात गेले, त्या काळ्या मातीतून त्यांना एक दगडाचं पातं सापडलंही. नखाएवढं, धार अजून शाबूत. त्यांनी ते रुमालात ठेवलं. म्हणाले, हे इथलं आहे हे मला कळतं, पण शेतातल्या पात्यावर मी टेकडी राखा म्हणून लिहू शकत नाही. शेठनं सगळ्यांसाठी ताक आणवलं होतं. ते कोणी घेतलं नाही.

परत निघण्याआधी साहेबांनी कपारीच्या तोंडाशी उभं राहून विचारलं, “आत अशी एखादी जागा आहे का, जिथं झाडू गेला नाही? कोणाचा पायच पडला नाही?”

मग सोमा भूमक बोलला. “मांजरवाट आहे. पन तिथी इसाकभाऊ जाऊन आले. पार बल्लारपूरलोक. जाऊन-येऊन सगळं तुडवून ठेवलं असन.”

सोमानं ते खोचक म्हटलं की सरळ, मला आजही सांगता येणार नाही. त्याचे डोळे नेहमीसारखेच बारीक होते.

साहेब वळले. “तुम्ही आत गेला होता? काही उचललं, खणलं?”

इसाकभाईंनी बत्तीला पंप मारला. बत्ती भडकलेलीच होती, पंपाची गरज नव्हती. पुन्हा मारला. भोवती सगळा मोहगुडा उभा होता. ज्यांनी लहानपणापासून ती तलवार ऐकली होती आणि आता आपल्या पोरांना ती ऐकवत होते, तेही. शेठ होता. मी होतो.

“नाई गेलो,” ते म्हणाले.

“म्हणजे?”

“कदी गेलोच नाई, साहेब. एकदा कंबरेलोक गेलतो. जीव घाबरला, श्वास लागला. उलटा सरपटत आलो. मले बंद जागा चालत नाई. घरी बी मी आंगनात निजतो.” बोलताना ते साहेबांकडं नव्हे, सोमाकडं बघत होते. “आत कोनी गेलं नाई. मी कोनाले जाऊ बी देल्लं नाई. तिथी हवा नाई म्हनून भेव दाखवला. कोनी जाऊन आला असता तर माही गोष्ट खोटी पडली असती.”

कोणी हसलं नाही. मग गर्दीतून एका म्हातारीनं विचारलं, “मंग तलवार?”

“तलवार बी नाई, बाई.”

“अन् नदी? नदीचा आवाज?”

“नदी आहे नं,” इसाकभाई म्हणाले. “बल्लारपूरपाशी.”

तेव्हा मात्र सोमा भूमक मोठ्यानं हसला आणि पुढं येऊन त्यानं इसाकभाईंच्या हातातली बत्ती घेतली.

साहेबांचा बारका मदतनीस मांजरवाटेतून सरपटत आत गेला. आम्ही दालनात फटीशी कान लावून उभे. आतून त्याचा आवाज आला, बोगदा नाही, चार पावलांवर एक खोली आहे आणि तिथंच भिंत. जमीन मऊ आहे. काळी आहे.

त्या सुगीनंतर साहेब तंबू घेऊन आले आणि पावसाळ्याच्या तोंडापर्यंत राहिले. मांजरवाट जरा रुंद केली. आत त्यांनी ब्रशनं, करणीनं, चिमटी-चिमटीनं माती काढली. वरच्या थरात गोंडराजांच्या वेळची खापरं निघाली. त्याच्या खाली मातीच होती, आणि त्याच्या खाली ती पाती आणि जळकी हाडं. पुढं टेकडी राखीव झाली. शेठला पलीकडची दुसरी टेकडी मिळाली. आमच्याकडं चुनखडीला तोटा नाही.

काम संपत आलं तेव्हा साहेबांनी इसाकभाईंना निरोप पाठवला, आत येऊन पाहून जा. ते तीन दिवस टाळत राहिले. चौथ्या दिवशी मला म्हणाले, “तुम्ही मागं राहा. माह्या पायाले धरून ठेवा.” आत गॅसबत्ती न्यायला साहेबांची मनाई, धुरानं भिंती खराब होतात म्हणून. साहेबांची बॅटरी होती. वाट फार तर चार पावलांची होती, पण ते बिसमिल्ला म्हणत डोळे मिटून गेले. मी खरंच त्यांचा पाय धरला होता.

साहेबांनी बॅटरी खाली धरली. खणलेल्या खड्ड्याच्या तळाशी तीन दगड होते. एकमेकांकडं तोंड करून मांडलेले, आतल्या अंगानं काळे झालेले. मध्ये राख. बाजूला हाडांचे बारीक तुकडे, एकाच ठिकाणी सारून ठेवल्यासारखे.

इसाकभाई बराच वेळ बघत होते. मला वाटलं, आता ह्यालाही एखादं नाव देतील.

“चूल आहे,” ते म्हणाले.

“हो.”

“इकडून हवा येते, म्हनून तोंड तिकडं केलं. घरी रशीदा बी तशीच मांडते.” मग त्यांनी हाडांच्या ढिगाकडं बोट केलं. “अन् हे झाडून कोपऱ्यात लोटलं.”

साहेब म्हणाले, “तसंच असावं.”

“किती जनं राहत असन?”

“घरचीच चार-सहा माणसं.”

इसाकभाईंनी अंग चोरून भोवती पाहिलं, कुठं निजत असतील, लेकरं कुठं ठेवत असतील. मग खाली वाकून, त्या अडचणीत, एकेक पाय दुमडून त्यांनी जोडे काढले आणि काखेत धरले. कपारीत देव नव्हता, आत दगड टोचतात, म्हणून सगळी जत्रा आजवर जोडे घालूनच फिरली होती.

“दुसऱ्याच्या घरात फिरून राह्यलो होतो, गुरुजी,” ते म्हणाले. “इतके वर्ष. अन् वरून त्यायचं घर मीच झाडून फेकलं.”

मला त्यांना काहीतरी सांगायचं होतं, की तुमच्यामुळंच हे राहिलं. ते मी बाहेर आल्यावर सांगितलंही. त्यांनी काखेतले जोडे खाली ठेवले आणि पायात घातले.

कपारीला लोखंडी दार बसलं. एक पहारेकरी आला, सरकारी टोपीवाला. गॅसबत्ती बंद. जत्रेला आता तो पहारेकरी बॅटरी घेऊन लोकांना आत नेई आणि ‘चला, चला, मागचे पुढं या’ म्हणत बाहेर आणी. इसाकभाईंना दाखवायला काही उरलं नाही. ह्याबद्दल त्यांनी कधी तक्रार केली नाही. मला मात्र राग येई, आणि तो कोणावर काढावा ते कळत नसे.

पुढं माझी बदली सिंदेवाहीला झाली. तिकडं धानाचे बांध होते, पाणी होतं, आणि मला राजुऱ्याशिवाय करमत नव्हतं. एका शिवरात्रीला मुद्दाम एसटीनं राजुऱ्याला आणि तिथून गाडीनं मोहगुड्याला गेलो. इसाकभाई दाराच्या अलीकडं पायऱ्यांवर उभे होते. केस पिकले होते, खांदा तसाच. कपार बघायला रांग लागली होती. मी हाक मारणार तेवढ्यात रांगेतला एक जाडजूड कापडवाला त्यांच्यापाशी अडकला.

“जोडे इथी काढा, भाऊ.”

“काऊन? देऊळ आहे का हे?”

“देऊळ नाई. घर आहे.”

“घर? कोनाचं?”

“आपल्या आधी राहून गेले त्यायचं.”

कापडवाल्यानं त्यांच्याकडं पाहिलं, मग दाराआतल्या अंधाराकडं. वाकून त्यानं जोडे काढले. इसाकभाईंनी ते उचलून भिंतीशी जोडीनं नीट लावले, आणि मागच्या माणसाकडं वळले.